आधी आवाज, मग अक्षरं

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या. कल्पना जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची, मदत मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची. अंगठ्याच्या जागी सही आली. पोथीतल्या ओळीखाली बोट ठेवून वाचता येऊ लागलं. या शाळेचं कौतुक देशाबाहेरही झालं आणि ते योग्यच होतं. पण सत्तराव्या वर्षी अक्षरओळख झालेली बाई आपलं आयुष्य स्वतः लिहून काढेल, अशी अपेक्षा कोणी करू नये. साठ-सत्तर वर्षांचं जगणं तिला तोंडपाठ आहे. ती ते सांगू शकते. ते टिपून ठेवण्याचं काम तिच्या मुला-नातवंडांचं आहे, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे.

शहापूर-मुरबाडमध्ये आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीबद्दल कागदावर फार थोडं आहे. सातबाऱ्यावर एखादं नाव, शिधापत्रिका, मतदार यादी, आधार कार्ड, तेही बहुतेक वेळा 1 जानेवारी ही अंदाजाने टाकलेली जन्मतारीख घेऊन. त्या माणसाने राब भाजून भाताचं रोप कसं धरलं, इरलं कसं विणलं, म्हशाच्या यात्रेतून बैलजोडी कशी पारखून आणली, गवताचे भारे कुठवर वाहिले, यातलं काहीच कुठे उतरलेलं नाही. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण 1892 साली पूर्ण झालं. पुढे भातसा झालं आणि मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा आज तिथून जातो. धरणांचे आकडे महापालिकेच्या आणि पाटबंधारे खात्याच्या कागदांत नीट नोंदलेले आहेत. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यावर उन्हाळ्यात हंडा घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या बाईच्या पन्नास वर्षांची नोंद मात्र कुठल्या दप्तरात नाही. ती नोंद करायची तर साधन घरातच आहे. जवळजवळ प्रत्येक घरात एखादा तरी स्मार्टफोन असतो, आणि तेवढा पुरतो.

मराठीत असं काम पूर्वी झालेलं आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्या जे गात, ते मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी उतरवून ठेवलं. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि 1952 साली पुस्तक निघालं. घरातल्या दोघांनी वहीत टिपलं नसतं, तर मराठी कवितेत बहिणाबाई नसत्या. तरी त्या वहीत त्यांचा आवाज नाही. त्यांची चाल, त्यांचं थांबणं, हेल, काहीच आपल्याला ऐकता येत नाही. तुमच्या हातातला फोन तेही टिपू शकतो.

दुसरं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातल्या खेडोपाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. टेपवरच्या ध्वनिफिती पुढे संगणकात आल्या आणि 2017 पासून ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, त्या लोकांसमोर ठेवत आहे. या कामातली एक शिस्त आपण उचलावी अशी आहे. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं असतं. लोकगीत म्हटलं की ते कोणाचंच नसतं असं मानायची आपल्याला सवय आहे. तिथे ती ओवी अमक्या गावच्या अमक्या बाईची राहिली. तुमच्या घरातल्या ध्वनिफितीलाही हाच नियम लावा.

विचारायचं कसं

‘आजी, तुझ्या आयुष्याबद्दल काहीतरी सांग’ असं म्हणून फोन पुढे केला की आजी म्हणते, “माझं मेलीचं काय सांगायचं?” आणि गोष्ट तिथेच संपते. प्रश्न फार मोठा असला की माणूस गप्प होतो. म्हणून वस्तूपासून सुरुवात करा. माळ्यावरचं इरलं खाली काढा, जुनं जातं दाखवा, कोनाड्यातला कोयता हातात द्या. हे कोणी केलं, कुठून आणलं, किती दिवस टिकायचं, तेव्हा घरात कोण कोण होतं? वस्तू हातात असली की बोलणं आपोआप पुढे सरकतं. जुना फोटो असेल तर उत्तमच. फोटोतल्या प्रत्येक माणसाचं नाव विचारा, मग त्यातला जो आज नाही त्याच्याबद्दल विचारा.

दुसरी युक्ती रस्त्याची. माहेरहून सासरी पहिल्यांदा कोणत्या वाटेने आलीस, चालत की बैलगाडीतून, वाटेत नदी कुठे ओलांडली, रात्रीचा मुक्काम कुठे पडला? आपल्या भागात हे प्रश्न फार फळतात. माळशेजमधून वर जुन्नरकडे, कसाऱ्याहून इगतपुरीकडे, कल्याणच्या बाजाराकडे, भिवंडीच्या वीटभट्टीकडे अशा वाटा इथल्या माणसांच्या पायाखालच्या आहेत. नाणेघाट तर सातवाहन काळापासून वापरात आहे आणि त्याच्या पायथ्याची वैशाखरे, टोकावडे ही गावं आजही त्या वाटेच्या तोंडाशी आहेत. आजोबांनी घाट चढून काय नेलं आणि काय आणलं, हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत असणार?

सालाची मात्र घाई करू नका. “कोणत्या साली?” या प्रश्नाने सांगणारा गडबडतो आणि चुकीचा आकडा सांगून मोकळा होतो. त्याऐवजी ठाऊक असलेल्या घटनेला जोडून विचारा. 1972 च्या दुष्काळात तू केवढी होतीस, तेव्हा सुकडी मिळायची ती आठवते का? भातसाचं धरण बांधायला सुरुवात झाली होती का? 26 जुलै 2005 च्या पावसात घरात पाणी आलं तेव्हा थोरला कितवीत होता? अशा तीन-चार खुणा मिळाल्या की साल आपल्याला काढता येतं. खात्री करायची असेल तर शाळेचं जनरल रजिस्टर पाहा, आणि जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्यांना आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात, त्या तहसील कार्यालयात पाहता येतात. जुने सातबारे आणि फेरफार राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर शोधता येतात. ज्यांच्या घरात नाशिकला किंवा त्र्यंबकला जाऊन विधी करण्याची रीत आहे, त्यांनी तिथल्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळ अवश्य पाहावी. चार-पाच पिढ्यांची नावं तिथे हाताने लिहिलेली सापडू शकतात. त्या पानाचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारून काढा.

सांगणाऱ्याची बोली सुधारायला जाऊ नका. ठाकरी, कातकरी, वारली, महादेव कोळ्यांची, कुणब्यांची, आगऱ्यांची, प्रत्येकाची बोलण्याची वेगळी लय आहे. नातू शहरात शिकून आलेला असतो आणि तो नकळत ‘पुस्तकी’ मराठीत प्रश्न विचारतो. मग आजीही अवघडून तसंच बोलू पाहते, आणि तिची खरी भाषा ध्वनिफितीत येतच नाही. तुम्ही घरात जसं बोलता तसंच विचारा. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. त्यात गावोगावच्या माणसांनी आपल्या बोलीत सांगितलेल्या गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या आहेत. त्या सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरच्या दोन-चार फिती आधी ऐका. साधं बोलणं किती मोलाचं असतं ते कळेल आणि विचारण्याचा धीरही येईल.

बायकांशी बोलायचं तर घरातले पुरुष समोर नसताना बोला. हे मी आग्रहाने सांगतो. सासरा, दीर, मुलगा ओटीवर बसलेले असले की बाई उत्तर त्यांच्याकडे पाहून देते, किंवा तेच मध्ये बोलून तिची गोष्ट पुरी करतात. दळण निवडताना, चुलीपाशी, दुपारच्या वेळी नात किंवा सून विचारते तेव्हा जे निघतं ते वेगळंच असतं. नववी-दहावीतली मुलं या कामात फार चांगली ठरतात. त्यांच्यापाशी वेळ असतो, फोन वापरता येतो, आणि आजी-आजोबा नातवंडाला जे सांगतात ते स्वतःच्या मुलाला सांगत नाहीत.

परवानगी आणि मर्यादा

रेकॉर्डिंग लपवून कधीही करू नका, अगदी स्वतःच्या आईचंही नाही. फोन दाखवा, काय करतोय ते सांगा, आणि फितीच्या सुरुवातीला तिच्याच आवाजात तिचं नाव, माहेर, सासर आणि परवानगी घ्या. परवानगी तीन प्रकारची असते हे तिला समजावून सांगा: घरच्यांनीच ऐकायचं, गावाने ऐकलं तरी चालेल, किंवा कोणीही ऐकलं तरी हरकत नाही. एकाच बैठकीतला काही भाग घरापुरता आणि काही सगळ्यांसाठी असू शकतो. नंतर तिचं मन बदललं तर तिचं ऐका. गोष्ट तिची आहे.

या भागातल्या आयुष्यांमध्ये दुःखाच्या जागा पुष्कळ आहेत. वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेलं आणि फेडता न आलेलं कर्ज, भट्टीच्या झोपडीत गेलेलं मूल, टाकून दिलेली बाई, धरणाखाली गेलेलं गाव. हे सांगावं की नाही हे सांगणाऱ्याने ठरवायचं. खणून खणून विचारू नका. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं तर फोन बंद करू का असं विचारा. बरेचदा ती नाही म्हणते, पण विचारायला हवंच. भावकीचे जमिनीचे वाद, कोणावर घेतलेला संशय, जिवंत माणसावरचे आरोप असलेला भाग वेगळा काढून घरातच ठेवा. झाडपाल्याच्या औषधांची माहिती मिळाली तर ती लगेच इंटरनेटवर टाकू नका. ते ज्ञान बहुधा एका घराचं नसून पाड्याचं असतं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. गावाच्या संमतीने तिथे नोंद करणं हा रास्त मार्ग आहे.

एक इशारा नव्या तंत्रज्ञानाबद्दल. मृत माणसाच्या फोटोला बोलतं करणारी, आवाजाची नक्कल करून हवं ते वाक्य वदवणारी साधनं आता फोनवर सहज मिळतात. आजीने जे कधी म्हटलं नाही ते तिच्या तोंडी घालणं मला चुकीचं वाटतं. तिने म्हटलेलंच पुष्कळ आहे. शिवाय आवाजाची नक्कल करून नातेवाइकांकडे पैसे मागणारे भामटेही आहेत. म्हणून लांबलचक ध्वनिफिती सगळ्यांना उघड करण्याआधी दोनदा विचार करा.

फोन कुठे ठेवायचा

व्हिडिओपेक्षा आवाजाला प्राधान्य द्या. कॅमेरा समोर आला की माणूस पदर सारखा करतो आणि जपून बोलतो. आवाजाची फीत जागाही कमी घेते. साध्या दर्जाचं एक तासाचं ध्वनिमुद्रण 60 एमबीच्या आसपास बसतं, तर तेवढ्याच वेळाचा चांगला व्हिडिओ काही जीबी खातो. बैठक संपल्यावर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, म्हणजे चेहरा, हात, बसण्याची ढब राहील. नाच, ढोल, बोहाड्याचं सोंग, भात झोडणं, इरलं विणणं ही हातापायांची कामं मात्र व्हिडिओतच घ्यावी लागतात.

बहुतेक फोनमध्ये रेकॉर्डरचं ॲप असतंच. सुरू करण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर भर गोष्टीत कोणाचा तरी फोन येतो. पंखा आणि टीव्ही बंद करा. फोन थेट जमिनीवर किंवा खाटेवर न ठेवता घडी घातलेल्या घोंगडीवर ठेवा, सांगणाऱ्यापासून हातभर अंतरावर, चार्जिंगचं भोक असलेली बाजू त्यांच्याकडे करून, कारण बोलणं टिपणारा मुख्य माईक बहुधा तिथेच असतो. पत्र्याच्या छपराखाली पावसात रेकॉर्डिंग करू नका, एक शब्द ऐकू येणार नाही. कोंबडा आरवला, चूल तडतडली, वासरू हंबरलं तर राहू द्या. ते त्या घराचंच आहे. आधी एक मिनिट बोलून, परत ऐकून खात्री करा आणि मगच पुढे जा. पाऊण तासापेक्षा जास्त ताणू नका, थकलेला माणूस गोष्टी आटोपत्या घेतो. तुम्ही स्वतः ‘हं, हं’ करत राहू नका, मान डोलवा. ती थांबली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. थोडं थांबलात की राहिलेलं वाक्य येतं आणि बहुतेक वेळा तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं.

नाव, जागा, प्रती

गोष्टी टिपल्या जातात आणि तरी हरवतात, त्या या टप्प्यावर. ‘रेकॉर्डिंग 017’ अशा नावाची फीत तुम्हालाही सहा महिन्यांनी ओळखता येणार नाही. त्याच संध्याकाळी तिचं नाव बदला: आधी वर्ष, मग महिना, दिवस, गाव, कोण, कशाबद्दल. उदाहरणार्थ ‘2025-11-20 धसई आजी माहेर आणि लग्न’. वर्ष आधी लिहिल्यामुळे फिती आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. रोमन अक्षरांत नाव दिलं तर जुन्या संगणकावरही अडचण येत नाही. सोबत एक साधी वही ठेवा. फितीचं नाव, सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, माहेरचं आडनाव, वय, पाडा, कोणी विचारलं, परवानगी कुठवर आणि कोणत्या मिनिटाला काय आलं, एवढं एका पानावर बसतं. ही वही हरवू नका. यंत्र बदलत राहतील, वहीतली शाई वाचता येत राहील. वहीच्या पानांचे फोटो फितींसोबत ठेवा.

प्रती किमान तीन हव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. एक फोनमध्ये, दुसरी संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर, तिसरी कल्याण-डोंबिवलीला राहणाऱ्या भावाकडे किंवा गुगल ड्राइव्हवर. गुगलच्या खात्यात 15 जीबी जागा फुकट मिळते, पण फोटो, मेल आणि व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच धरतात, त्यामुळे ती लवकर भरते. शक्य असेल तर या कामासाठी वेगळं खातं काढा. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही नेण्या-आणण्याची साधनं आहेत, जपून ठेवण्याची नव्हेत. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली की ती कधी उघडणार नाहीत याचा भरवसा नाही. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्याचा दर्जा घटतो, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फॅमिली ग्रुपवर टाकलं म्हणजे जपलं असं समजू नका.

जपलेल्या फिती वर्षातून एकदा उघडून पाहाव्या लागतात. पितृपक्षातला एखादा दिवस त्यासाठी ठरवून टाका. पूर्वजांसाठी पान वाढायचं त्या दिवशी त्यांचा आवाजही लावून ऐकायचा आणि सगळ्या प्रती नीट चालतात ना हे पाहायचं. ज्यांच्या घरी पितृपक्ष पाळत नाहीत त्यांनी आपल्या रीतीचा दिवस निवडावा.

जुन्या कॅसेटी असतील तर त्यांचं काम सगळ्यात आधी करा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत टेपवर बुरशी धरते. वडिलांच्या भजनी मंडळाची, गावच्या सप्त्याची एखादी कॅसेट पेटीत निघू शकते. तालुक्याच्या ठिकाणच्या फोटो स्टुडिओत विचारा, पुष्कळ जण कॅसेट आणि लग्नाच्या व्हिडिओ टेप संगणकात उतरवून देतात. जुन्या फोटोंसाठी फोनच पुरेसा आहे. उजेडात, पण थेट ऊन न पडता, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा आणि मागची बाजूही घ्या. तिथे स्टुडिओचा शिक्का किंवा कोणीतरी लिहिलेलं नाव असतं.

आता लिहून काढण्याबद्दल. फोनच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करण्याची सोय आहे. ती प्रमाण मराठी बऱ्यापैकी उतरवते, पण बोलीत अडखळते आणि न कळलेल्या शब्दाच्या जागी भलताच शब्द घालते. म्हणून फीत कानाला लावून, एकेक वाक्य ऐकून, तेच वाक्य स्वतः फोनला सांगा आणि मग हाताने दुरुस्त करा. ‘व्हतं’ असेल तिथे ‘व्हतं’च ठेवा. कातकरी भाषेला स्वतःची लिपी नाही, तेव्हा देवनागरीत जसं ऐकू येतं तसं लिहा. सगळं लिहायला जमलं नाही तरी चालेल. आवाज नीट जपला असेल तर लिहिणं पुढच्या वर्षीही होईल.

घराबाहेरचं मोल

या आठवणींना कायद्यातही जागा आहे, हे आपल्या भागात फार थोड्यांना माहीत असतं. 2006 च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत दाव्यासाठी कोणते पुरावे चालतात त्याची यादी आहे. त्यात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन, जुन्या कागदांतल्या नावांपर्यंत नेणारी वंशावळ, आणि विहिरी, स्मशान, देवस्थानं यांसारख्या खुणा येतात. नुसती ध्वनिफीत पुरणार नाही. निवेदन लिहून, वाचून दाखवून, सही-अंगठा घेऊन वनहक्क समितीपुढे ठेवावं लागतं. पण आजोबांनी कोणत्या माळावर नाचणी-वरई केली, बांध कोणी घातला, विहीर कोणाच्या काळातली, हे आधीच तपशिलाने टिपलेलं असेल तर ते निवेदन पक्कं होतं. ज्यांची जमीन धरणात किंवा महामार्गात गेली त्यांच्यासाठीही हेच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. त्या पट्ट्यात आधी काय होतं, हे तिथल्या माणसांकडून आजच विचारून घेतलं पाहिजे. मुरबाडमध्ये काळू धरणाचा प्रश्न अनेक वर्षं पेटलेला आहे. तिथल्या गावांनी तर आपली प्रत्येक वाट, प्रत्येक देव आणि प्रत्येक शेताचं नाव सांगणाऱ्याच्या आवाजात नोंदवून ठेवावं.

सिद्धगडाचंही तसंच. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी लोक अभिवादनाला जमतात. त्या दोघांचा इतिहास लिहिला गेला आहे. त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटाला रानात भाकरी पोचवणाऱ्या, निरोप देणाऱ्या माणसांच्या घरात मात्र आज आठवणीच्या आठवणी उरल्या आहेत. आजच्या सत्तरीतल्या माणसाने त्या आपल्या आईबापांकडून ऐकल्या आहेत. ऐकीव म्हणून सोडून देऊ नका. ‘मी हे वडिलांकडून ऐकलं’ असं त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्या, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करता येईल.

शेवटी स्वतःच्या फोनमधल्या वारशाबद्दल थोडं. तुम्हीही कोणाचे तरी पूर्वज होणार आहात, आणि तुमचे फोटो, मेल, ड्राइव्ह सगळं पासवर्डमागे आहे. गुगलच्या सेटिंगमध्ये निष्क्रिय खात्यासाठीची सोय आहे. खातं 3, 6, 12 किंवा 18 महिने वापरात नसेल तर आपण आधी नेमलेल्या माणसांना त्यातली माहिती मिळते. ती आजच भरून ठेवा, कारण दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं. फेसबुकवरही आपल्यामागे खातं सांभाळणारा माणूस नेमता येतो. व्हॉट्सॲपचं खातं साधारण 120 दिवस वापर नसेल तर जातं. घरातलं माणूस गेलं की त्याचं सिम घाईने बंद करू नका. रिचार्ज थांबला की काही महिन्यांत नंबर जातो, पुढे दुसऱ्याला मिळतो, आणि त्या नंबरावर येणारा ओटीपी नसल्यामुळे फोटोंचं खातं उघडत नाही. आधी सगळं उतरवून घ्या, मग सिमचं पाहा. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून, घरातल्या एका विश्वासू माणसाला जागा सांगून ठेवणं ही जुनी रीत अजूनही चांगली आहे.

सुरुवात कधी करायची, तर आपल्या भागात ते पिकाकडे पाहून ठरवावं. शेतकरी घरांना भात झोडून कणगीत पडलं की फेब्रुवारीपर्यंत सवड असते. त्यानंतर लग्नं आणि पाण्याची पायपीट सुरू होते. पण कातकरी आणि इतर मजूर कुटुंबं दिवाळी होताच भट्टीवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. वाडीवर मागे राहतात ती फार म्हातारी माणसं, तीही सगळ्या घरांत नाहीत. या घरांच्या गोष्टी सगळ्यात कमी नोंदल्या गेल्या आहेत. तेव्हा शाळांतल्या शिक्षकांनो, वाचनालयं चालवणाऱ्यांनो, शिकलेल्या मुला-मुलींनो, बेणणी आटोपल्यापासून दसऱ्यापर्यंतचे दिवस कातकरवाडीसाठी राखून ठेवा. त्या घरातल्याच मुलाच्या हाती फोन द्या, त्यालाच विचारू द्या, आणि टिपलेल्या फितीची पहिली प्रत त्याच घरात ठेवा.